मन्याड एअरवेजचे विश्रांती धोरण

झोप ही माणसाची पूर्णपणे खाजगी बाब आहे, आणि दुसऱ्याच्या खाजगी बाबीत नाक खुपसू नये हा सुसंस्कृतपणाचा पहिला नियम आहे. आमच्या मन्याड एअरवेज या नांदेडच्या विमान कंपनीने हा नियम जितका काटेकोर पाळला तितका जगातल्या फार थोड्या संस्थांनी पाळला असेल. आमचा कुठला वैमानिक कधी झोपतो, किती झोपतो, मुळात झोपतो की नाही, याची चौकशी कंपनीने स्थापनेपासून एकदाही केलेली नाही. मी या कंपनीचा जनसंपर्क अधिकारी आहे (त्याआधी एका साखर कारखान्याचा होतो; गोड बोलण्याची सवय तिथलीच). तेव्हा पुढील हकीकत निःपक्षपाती आहे असे समजावे.

आमची सगळी विमाने रात्री उडतात. मोठ्या विमानतळांवर दिवसा आमच्यासारख्यांना उतरायला कुणी जागा देत नाही, रात्री देतात. प्रवाशालाही बरे वाटते, की रात्रीच निघालो, दिवस मोडला नाही. नांदेडहून दिल्ली, तिथून अमृतसर, पुन्हा दिल्ली, आणि उजाडता उजाडता परत नांदेड. प्रवासी झोपेत जातो आणि झोपेत येतो. जागे राहण्याची सक्ती विमानात फक्त दोघांवर असते, आणि त्यांना त्याचा पगार मिळतो.

या सगळ्या वेळा आखतात आमचे रोस्टर प्रमुख रामलिंग हलगे. ते पूर्वी लातूर-पुणे मार्गावरच्या स्लीपर गाड्यांचे वेळापत्रक पाहत. त्या गाड्यांत झोपायची सोय सगळ्यांना होती, ड्रायव्हर सोडून; तो अनुभव त्यांना इथे फार उपयोगी पडला. कंपनीच्या नियमपुस्तिकेत विश्रांतीची व्याख्या त्यांनीच लिहिली आहे: 'एका विमानाची चाके थांबल्यापासून दुसऱ्या विमानाची चाके हलेपर्यंतचा सर्व काळ.' या काळात वैमानिकाने कागदपत्रे द्यावीत, घरी जावे, आंघोळ करावी, जेवावे, बँकेत जावे, मुलांच्या पालकसभेला बसावे, गणवेशाला इस्त्री करावी आणि वेळेआधी विमानतळावर हजर व्हावे. उरलेल्या वेळात त्याने मनसोक्त झोपावे. कंपनीची अजिबात हरकत नाही.

कॅप्टन मल्लेश बिराजदार हे आमचे सर्वात अनुभवी वैमानिक. मूळचे किल्लारीचे. बोलायला कमी, अंगाने भरलेले, आणि विमान इतके अलगद उतरवणारे की प्रवाशांना टाळ्या वाजवायचे लक्षातच राहत नसे. त्यांनी सबंध पावसाळा सलग रात्रीची उड्डाणे केली. पहिल्यांदा फरक जाणवला तो त्यांच्या पत्नी सुकन्यावहिनींना. त्यांनी चहा दिला तेव्हा कॅप्टन म्हणाले, "धन्यवाद नांदेड, संपर्कात राहा." पुढे ते सिग्नल हिरवा झाल्यावरही गाडी हलवेनात, निघायची परवानगी अजून आली नाही म्हणाले. मागच्या रिक्षावाल्याने ती तात्काळ दिली. त्याचे शब्द इथे छापता येत नाहीत.

दिवसा झोपावे तर नांदेड शहर दिवसा जागे असते. खिडक्यांना काळे पडदे लावले, तरी कानाला पडदा लावता येत नाही. सकाळी भाजीचा गाडा भोंग्यावर दोडके-कारल्याची घोषणा करत येई. तो गेला की भंगारवाला. मग वरच्या मजल्यावर फरशी कापायचे यंत्र. मग बँकेचा फोन, की सर, आपल्यासाठी एक खास योजना आहे.

शेवटी कॅप्टन हलगेसाहेबांकडे आले. मी तिथेच बसलो होतो.

"हलगेसाहेब, मी लई बेजार झालोय. परवा उतरताना मला दोन धावपट्ट्या दिसल्या."

हलगेसाहेबांनी विचार केला. "मग कुठल्यावर उतरलाव?"

"डावीकडच्या."

"ती खरी होती का?"

"हाव."

"मग अडचण काय हाय?"

"धम्मप्रिया म्हणाली डावी, म्हणून डावी घेतली. मला उजवी खरी वाटायलती."

"म्हणूनच तर विमानात दोन वैमानिक देतो आपण," हलगेसाहेब म्हणाले, आणि फाइल मिटली. इतक्या थोडक्यात सुटलेला प्रश्न मी आमच्या कारखान्यातही पाहिला नव्हता.

ही धम्मप्रिया म्हणजे सहवैमानिक धम्मप्रिया सोनकांबळे. लोह्याची मुलगी, आईवडील दोघेही शिक्षक. तिला प्रश्न विचारायची खोड आहे. घरात दोन शिक्षक असले की हे व्हायचेच. ती दुसऱ्या दिवशी हलगेसाहेबांकडे गेली आणि म्हणाली, "सर, त्या दिवशी मलाही डुलकी लागलेली होती. गाडी रस्त्यावरून उतरली की जसा धक्का बसतो तसं दचकून जागी झाले, म्हणून पट्टी दिसली. हे नशीब झालं. याचं काहीतरी करा."

कंपनीने लगेच केले. 'थकवा निवारण अभियान' सुरू झाले. पहिल्याच आठवड्यात सर्व वैमानिकांसाठी 'गाढ झोपेचे महत्त्व' या विषयावर मोबाइलवरून व्याख्यान ठेवले. रात्रीच्या उड्डाणांना बाधा नको म्हणून ते भर दुपारी ठेवले. उपस्थिती सक्तीची होती. कॅमेरा चालू ठेवायचा होता. ज्याचे डोळे मिटलेले दिसतील त्याची गैरहजेरी लागणार होती. व्याख्याते पुण्याचे निद्रातज्ज्ञ होते. शेवटी धम्मप्रियाने विचारले, "सर, रात्रभर जागलेल्या माणसानं या वेळी काय करत असावं?"

"झोपलेलं असावं," तज्ज्ञ म्हणाले.

"मग आम्ही जाऊ का?"

तज्ज्ञांनी प्रश्न उत्तम असल्याचे सांगितले आणि पुढचा प्रश्न घेतला.

त्यानंतर सर्वेक्षण झाले. एक यंत्र दिवसातून दोनदा प्रत्येक वैमानिकाला फोन करून उठवी आणि विचारी, 'आपली झोप कशी झाली? उत्तम असल्यास एक दाबा.' शंभर टक्के वैमानिकांनी झोप उत्तम असल्याचे कळवले (दुसरे बटण ठेवलेले नव्हते). हे निष्कर्ष मी वर्तमानपत्रांना पाठवले आणि ते जसेच्या तसे छापून आले.

माझाही या अभियानाला हातभार लागावा असे मला वाटत होते. किल्लारीहून सिद्रामप्पा नावाचे गृहस्थ कधीपासून मागे लागले होते, की गावच्या पोराचा सत्कार करायचाय, तारीख द्या. मी कॅप्टनचा साप्ताहिक सुटीचा दिवस दिला. सुटीच होती, म्हणजे वेळ मोकळाच होता. सकाळी विमान उतरले तसे मी त्यांना विमानतळाबाहेरूनच गाडीत घेतले.

"घरी जाऊन थोडं पडलो असतो," कॅप्टन म्हणाले.

"गाडीत पडा की," मी म्हणालो, आणि लातूर येईपर्यंत त्यांना भाषणाचे मुद्दे समजावून सांगितले.

किल्लारीत तिथल्या साखर कारखान्याच्या रस्त्यापासूनच फलक लागले होते. फलकावर कॅप्टनच्या फोटोमागे विमान होते; ते आमच्या कंपनीचे नव्हते, पण दिसायला आमच्यापेक्षा चांगले होते म्हणून मी हरकत घेतली नाही. हलगी, ताशा, तोफांसारखे फटाके. व्यासपीठावर कॅप्टनना मधोमध बसवले. डोक्याला फेटा बांधला, खांद्यावर शाल घातली, त्यावर दुसरी शाल, मांडीवर नारळ. थंडीचे दिवस, दोन शाली, आणि खुर्ची मऊ गादीची. प्रास्ताविक सुरू झाले. 'आकाशाला गवसणी' हे शब्द कानावर पडायला आणि कॅप्टनची हनुवटी छातीला टेकायला एकच गाठ पडली.

सुरुवातीला कुणाच्या लक्षात आले नाही. "बगा, किती लीन हाय पोरगं," पहिल्या रांगेतले एक आजोबा म्हणाले. सत्काराला मान खाली घालणारा पुढारी त्यांनी आजवर पाहिला नव्हता. मग कॅप्टन घोरू लागले, आणि समोरचा माइक चालू असल्यामुळे ते घोरणे बसस्थानकापर्यंत पोचले.

मी उठलो, त्यांना हलवायला वाकलो. एवढ्यात बाजूच्या खुर्चीवरच्या त्यांच्या आईने, महानंदाबाईंनी, माझे मनगट धरले. त्यांनी लेकाच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिले. त्याच्या डोळ्यांखाली आलेला काळेपणा त्यांनी बोटाने पुसून पाहिला, काजळ असावे तसा. तो निघाला नाही. मग त्या माइकपाशी गेल्या.

"माझं लेकरू झोपलंय," त्या म्हणाल्या. "समदे गप बसा."

आणि सगळे गप बसले.

मी नांदेडचा. मला वाटले, लोक हसतील, पांगतील. सिद्रामप्पांनी माझ्या कानाशी येऊन सांगितले, "साहेब, भूकंपानंतर आमच्या गावात कैक वर्सं कुणी छताखाली झोपलं न्हाई. पत्र्याच्या शेडात सुदिक डोळा लागायचा न्हाई. इथं कुणाला झोप लागली की आमी तिला हात लावत न्हाई." एवढे बोलून ते चपला हातात घेऊन व्यासपीठ उतरले.

पुढची दुपार मी कधी विसरणार नाही. कार्यक्रमपत्रिका छापलेली होती, त्यामुळे कार्यक्रम रद्द करता येत नव्हता; तो कुजबुजीत पार पडला. प्रमुख पाहुण्यांनी विमानवाहतुकीच्या इतिहासावरचे भाषण पहिल्या रांगेच्या कानात केले, आणि पहिल्या रांगेने ते मागच्या रांगेला सांगितले. शेवटच्या रांगेपर्यंत पोचताना त्यातून गावाला विमानतळ मंजूर झाला होता. त्यांनी टाळ्या हवेतच वाजवल्या, तळहात एकमेकांना न लावता. हलगीवाल्यांनी हलग्यांवर उपरणी टाकली. रस्त्यावर ज्या जीप होत्या त्या इंजिन सुरू न करता ढकलत कोपऱ्यापलीकडे नेल्या. बसचा ड्रायव्हर गावात शिरताना हॉर्न देणार होता, त्याच्यापुढे शाळेच्या मुली ओठांवर बोट ठेवून रांगेने उभ्या राहिल्या. तो प्रवाशांसकट खाली उतरला आणि सगळ्यांनी मिळून बस पुढे ढकलली. एक कुत्रे भुंकायच्या बेतात होते. त्याला दोन भजी मिळाली. मग गावातल्या सगळ्याच कुत्र्यांना भुंकावेसे वाटू लागले, आणि सत्काराची भजी संपली. लोक हसत होते, पण तोंडात पदर नाहीतर रुमाल कोंबून. माझ्या शेजारचे मास्तर हसू दाबता दाबता खुर्चीवरून घसरले, तेही अगदी आवाज न करता.

कॅप्टनना त्यांच्याच फेट्याची उशी करून व्यासपीठावर आडवे केले. ते तसेच झोपले होते.

ऊन उतरता उतरता हलगेसाहेबांचा फोन आला. आजचा एक कॅप्टन आजारी पडला होता. बिराजदारांची सुटी रद्द करून त्यांना ताबडतोब परत पाठवा. मी परिस्थिती हळू आवाजात सांगितली. "उठवा त्याला," ते म्हणाले, आणि ते इतक्या मोठ्याने म्हणाले की महानंदाबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला.

"कोन बोलतंय?"

"मी रोस्टर प्रमुख. बाई, त्यांना उठवा. विमानात दीडशे मानसं बसनार हायत."

"म्हनूनच न्हाई उठवत," त्या म्हणाल्या, आणि फोन बंद कुठे होतो ते ठाऊक नसल्यामुळे तो चालूच माझ्या खिशात ठेवला. हलगेसाहेब खिशातून बराच वेळ बोलत होते.

मला मात्र नांदेडला परतणे भाग होते. विमानतळावर पोचलो तो प्रवासी रांगेत उभे, आणि हलगेसाहेबांनी बदली कॅप्टन मिळवलेले. हे गृहस्थ आदल्या रात्रीचे उड्डाण करून, दुपारी प्रशिक्षणाला बसून थेट तिथे आले होते. नियमपुस्तिकेप्रमाणे त्यांची विश्रांती पूर्ण झाली होती. ते दाराजवळ उभे होते आणि "मी तयार आहे" असे ठाम आवाजात सांगत होते. मात्र ते हे पाण्याच्या कूलरला सांगत होते.

धम्मप्रिया त्या रात्री सहवैमानिक होती. तिने त्यांच्याकडे पाहिले. मग तिने गेटवरच्या मुलीकडून माइक मागून घेतला.

"नमस्कार. मी आपली सहवैमानिक. आमचे कॅप्टन थकलेत आणि मीही थकले आहे. आम्ही आत्ता विमान उडवणार नाही. झोपणार आणि सकाळी उडवणार."

कंपनीच्या इतिहासात प्रवाशांना प्रथमच खरी माहिती मिळत होती, त्यामुळे गोंधळ उडाला. एकाला दिल्लीत मुलाखत होती, एकाला अमृतसरला लग्न. सर्वांत पुढे होते देगलूरचे कापडव्यापारी मलप्पा. त्यांनी मोठ्या समजूतदारपणे तोडगा काढला.

"बाई, तुमी खुशाल चालवा. मी पुढं येऊन बसतो, तुमच्यासंगं बोलत राहतो. माझा जीपचा डायवर असाच जातोय हैदराबादला. मी बोलायचं थांबलो की त्याला झोप लागते, म्हनून मी थांबतच न्हाई."

"मालक, जीप रस्त्याच्या कडेला लावता येते," धम्मप्रिया म्हणाली.

लोकांनी मग बदली कॅप्टनवर प्रयोग सुरू केले. कुणी त्यांना कडक चहा पाजला. कुणी कपाळाला बाम चोळला. तो डोळ्यांत गेला आणि ते डोळे मिटून बसले, त्यामुळे हेतू बाजूलाच राहिला. लग्नाला निघालेल्या मंडळींनी त्यांच्यासाठी भेंड्या लावल्या. 'म'वर गाणे म्हणायची त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी शेजारच्या बाईंच्या खांद्यावर डोके टेकवले होते. त्या बाई जिकडे झुकतील तिकडे तेही झुकत होते. बाईंच्या मांडीवरचे तान्हे मूल तेवढे कॅप्टनकडे टक लावून जागे होते. या दृश्यानंतर मात्र आवाज कमी झाला. मलप्पा काही वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "च्यायला, ह्ये विमान चालवनार होते?" मग त्यांनी आपली बॅग उशाला घेतली आणि तिथेच आडवे झाले.

सगळे झोपले. सकाळी सगळे उठले, विमान उडाले आणि अमृतसरचे लग्न दुपारच्या मुहूर्तावर लागले. कॅप्टन बिराजदारही सकाळीच किल्लारीच्या व्यासपीठावर उठले. आईने दिलेला चहा घेऊन ते म्हणाले, "आज बुधवार हाय ना, माय?" बुधवारच होता. वार बरोबर ओळखल्याचा त्यांना इतका आनंद झाला, की ते एकटेच व्यासपीठावर बसून हसत राहिले.

कंपनीने चौकशी बसवली. कॅप्टनवर आरोप होता, कंपनीच्या अधिकृत कार्यक्रमात झोपणे. धम्मप्रियावरचा आरोप अधिक गंभीर होता: प्रवाशांना माहिती देणे.

"त्या विमानातल्या प्रत्येक प्रवाशानं तक्रार केलीय," हलगेसाहेब म्हणाले.

"सर, तक्रार करायला सगळेच्या सगळे शिल्लक होते," धम्मप्रिया म्हणाली. "तेवढं पण लिहून घ्या."

कॅप्टन बिराजदार नेहमी गप्प असत. त्या दिवशी ते बोलले. "साहेब, मला शिक्षा करा, हरकत न्हाई. पण मला त्या दिवशी कळलं, की मी किती म्हैने अर्ध्या डोक्यानं उडायलतो. मला भीती सुदिक वाटत नव्हती. भीती वाटायला पण जागं असावं लागतं."

हलगेसाहेब वाईट मनुष्य नाहीत. त्यांचाही आवाज खाली आला. "मला कळत न्हाई असं न्हाई, मल्लेश. पण विश्रांती द्यायची म्हंजे आनखी वैमानिक पायजेत. तिकीट वाढवलं की लोक दुसऱ्या विमानात बसतात."

"लोकांना विचारून तर बघा," धम्मप्रिया म्हणाली. "कुठला माणूस नको म्हणेल?"

ही सूचना हलगेसाहेबांना मनापासून आवडली. दोघांवरचे आरोप मागे घेण्यात आले, आणि मन्याड एअरवेजने देशातच काय, बहुधा जगात प्रथमच, हा निर्णय थेट जनतेवर सोपवला. तिकीट काढताना सोयी निवडायचे जे पान येते त्यावर खिडकीची जागा, जादा सामान, रांगेशिवाय प्रवेश आणि गरम उपमा यांच्याबरोबर एक नवी ओळ आली: 'झोप झालेला वैमानिक.' किंमत दोन कप चहाइतकी. घोषणा मीच लिहिली. धम्मप्रियाने ती वाचली आणि पहिल्यांदाच मला धन्यवाद दिले.

तीन महिन्यांचा अहवाल मी सोबत मांडतो. खिडकीची जागा: भरपूर मागणी. रांगेशिवाय प्रवेश: समाधानकारक. गरम उपमा: अपेक्षेपेक्षा अधिक, काही ठिकाणी तुटवडा. झोप झालेला वैमानिक: निरंक.

धम्मप्रियाने आकडे दोनदा पाहिले. ती हसायला लागली, आणि तिचे हसणे बराच वेळ थांबेना. पुढच्या महिन्यात तिने राजीनामा दिला. आता ती एका प्रशिक्षण संस्थेत शिकवते, जिथे सूर्य मावळला की विमाने आत लावतात. कॅप्टन बिराजदार आमच्याकडेच आहेत, आणि त्यांचे वेळापत्रक पूर्वीचेच आहे. सुटी मिळाली की ते किल्लारीला जाऊन झोपतात.

काही वाचक म्हणतील, असा पर्याय आम्ही कधी पाहिलाच नाही. क्षमा असावी, पाहिला होता. तो उपम्याच्या खालीच होता. आपण घाईत होता. 'वगळा' दाबलेत आणि खिडकीची जागा घेतलीत. रात्रीच्या विमानात. बाहेर काही दिसले असल्यास कंपनीला कळवावे, वैमानिकांना उपयोग होईल.